‘बेंट आउट ऑफ शेप’ म्हणजे नक्की कसला राग? ऑनलाइन इंग्रजी शब्दकोशांची पारख

अमेरिकन इंग्रजीत रागावलेल्या, बिनसलेल्या माणसाला ‘बेंट आउट ऑफ शेप’ म्हणतात. बहुतेक शब्दकोश ‘रागावलेला किंवा अस्वस्थ’ एवढा अर्थ देऊन मोकळे होतात. अर्थ चूक नाही. पण तेवढ्याच्या भरवशावर कुणी वरिष्ठांना ‘तुम्ही बेंट आउट ऑफ शेप झाला आहात हे मला कळतं’ असा ईमेल धाडला, तर ते नक्की अंगाशी येईल. हा प्रयोग करणारा समोरच्याच्या रागाची नुसती नोंद करत नाही, ‘यात एवढं रागवण्यासारखं काही नव्हतं’ असा शेराही मारतो. ‘उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस’ म्हणताना जो सूर लागतो, तोच. म्हणूनच तो नकारार्थी आज्ञेत जास्त भेटतो: ‘डोन्ट गेट ऑल बेंट आउट ऑफ शेप’. स्वतःच्या रागाबद्दल कुणी तो वापरलाच, तर बहुधा स्वतःची थोडी थट्टा करत.

रागाच्या इंग्रजी वाक्प्रचारांसाठी कुठला शब्दकोश उघडावा, हे ठरवताना म्हणूनच ‘अर्थ दिला आहे का’ ही कसोटी कुचकामी आहे. तो सगळेच देतात. बघायचं ते वेगळं. हा राग बोलणाऱ्याला रास्त वाटतो की फाजील? वाक्प्रचार एका माणसाला लागतो की जमावाला? कुठलं क्रियापद आणि कुठलं शब्दयोगी अव्यय सोबत येतं? ब्रिटिश, अमेरिकन की ऑस्ट्रेलियन? आणि तो ऑफिसात चालेल की फक्त मित्रांत? खाली ज्या सेवांची पारख केली आहे त्यांतल्या बहुतेक मोफत आहेत आणि ब्राउझरमध्ये चालतात.

पहिलं पान उघडायचं ते कॉलिन्सचं, पण त्यातही नेमका कोबिल्डचा भाग. कॉलिन्सच्या संकेतस्थळावर एकाच पानावर तीन वेगवेगळे कोश एकाखाली एक येतात. सर्वांत वर बहुधा शिकणाऱ्यांसाठीचा कोबिल्ड, मग मूळचा ब्रिटिश कॉलिन्स, आणि खाली अमेरिकन इंग्रजीसाठी वेब्स्टर्स न्यू वर्ल्ड. प्रत्येक भागाच्या डोक्यावर कोशाचं नाव असतं. ते न वाचता खाली सरकत गेलं की तीन संपादक मंडळांची मतं एकाच कोशाची समजून वाचली जातात, आणि ‘इथे ब्रिटिश म्हटलंय, तिथे अमेरिकन, मग खरं काय’ असा गोंधळ उडतो.

कोबिल्डची ताकद व्याख्येच्या घडणीत आहे. कॉलिन्स आणि बर्मिंगहॅम विद्यापीठ यांनी जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली हा कोश उभा केला आणि १९८७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा मोठा साठा संगणकावर गोळा करून, त्यावरून अर्थ ठरवायचे, अशी त्याची पद्धत. व्याख्या पूर्ण वाक्यात असते: ‘जर कुणी अमुक गोष्टीवरून असं असेल, तर ते...’. या साच्यामुळे कर्ता कोण, कारण कुठे बसतं आणि अव्यय कोणतं, हे व्याख्येतच दिसतं. त्याहून कामाचा साचा म्हणजे ‘एखाद्याबद्दल तुम्ही असं म्हणता, तेव्हा तुम्हाला असं सुचवायचं असतं’. हा दिसला की समजावं, शब्दात बोलणाऱ्याचं मत दडलेलं आहे. जोडीला चौकटी कंसात खुणाही असतात: नापसंती दाखवणारा, भावना दाखवणारा, जोर देणारा. रागाच्या वाक्प्रचाराशेजारी नापसंतीची खूण दिसली तर तो दुसऱ्याच्या तोंडावर वापरायचा नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवावं. उणीव अशी, की खूण नसली म्हणजे सूर निरुपद्रवी आहे असं मात्र नाही. पानावर जाहिरातींची गर्दीही बरीच असते.

वाक्प्रचार वाक्यात बसवायचा असेल, तर ऑक्सफर्ड लर्नर्सला तोड नाही. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये तयार केलेल्या आणि तिथेच १९४२ मध्ये निघालेल्या कोशाचा हा वारस. शिकणारा कुठे अडखळतो याची जाण त्याच्या मांडणीत जागोजाग दिसते. वाक्प्रचार शोधण्याचा त्याचा नियम असा: वाक्प्रचारातला पहिला वजनदार शब्द, म्हणजे नाम, क्रियापद, विशेषण किंवा क्रियाविशेषण, त्याच्या नोंदीत बघायचं. ‘गेट’, ‘गो’, ‘कम’ अशी अतिपरिचित क्रियापदं मात्र सोडून पुढच्या शब्दाकडे जायचं. हा नियम ठाऊक नसलेले ‘गेट’च्या अजस्र नोंदीत तासभर चाळत बसतात.

याच कोशाची एक खूण इतर कोशांनाही लागू पडते आणि ती फार थोड्या जणांना ठाऊक असते. शीर्षकात ‘युअर’ छापलेलं असेल, तर तिथे कर्त्याचंच सर्वनाम येतं: ‘गेट युअर निकर्स इन अ ट्विस्ट’ म्हणजे ज्याला राग आला त्याच्याच ‘निकर्स’. शीर्षकात ‘समबडीज’ असेल तर तिथे दुसरा माणूस येतो: ‘गेट समबडीज गोट’ म्हणजे एका गोष्टीनं दुसऱ्याला चिडवलं. मेरियम-वेब्स्टरमध्ये हाच फरक ‘वन्स’ आणि ‘समवन्स’ असा दाखवतात. हे न कळल्यामुळे ‘आय गॉट माय गोट’ अशी वाक्यं लिहिली जातात. बरोबर वाक्यात त्रास देणारी गोष्ट कर्ता असते: ‘हिज टोन रिअली गॉट माय गोट’. मराठीत ‘त्याचं बोलणं माझ्या डोक्यात गेलं’ म्हणतो तशीच रचना आहे, त्यामुळे ती लक्षात ठेवायला अवघड नाही.

तिरकी रेघ आणि कंस यांचेही अर्थ पक्के आहेत. ‘हिट द रूफ’ आणि ‘सीलिंग’ यांच्यामध्ये तिरकी रेघ असेल, तर दोन्हींपैकी एक घ्यायचा. कंसातला शब्द गाळला तरी चालतो. सुराच्या खुणांची यादीही चांगली लांब आहे: अनौपचारिक, नापसंतीदर्शक, विनोदी, उपरोधिक, अपमानकारक, असभ्य, जुनाट, वगैरे. खटकतं ते एवढंच, की व्याख्या फार काटकसरीची असते. रागाची पातळी आणि रागाची जात, दोन्ही एकाच ‘रागावलेला’ या शब्दात कोंबली जातात. ‘हॉट अंडर द कॉलर’ला मात्र ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघेही रागासोबत ओशाळलेपणाची छटा देतात, आणि ते रास्त आहे. अडचणीचा प्रश्न विचारल्यावर माणूस लालबुंद होतो तेव्हा तो चिडला की वरमला हे इंग्रजी वाचकालाही संदर्भावरूनच ठरवावं लागतं. ज्या कोशात फक्त राग दिला आहे, तो अशा वाक्यात वाचकाला फसवतो.

केंब्रिजचा कोश घाईच्या वेळी सर्वांत सोयीचा. पान हलकं, ‘यूएस’ आणि ‘यूके’ या खुणा ठळक, उच्चार दोन्ही पद्धतींचे, आणि वाक्प्रचारांना बहुतेक वेळा स्वतंत्र पान. ‘बेंट आउट ऑफ शेप’वर अमेरिकन असल्याची खूण लगेच दिसते, आणि ती महत्त्वाची आहे, कारण ब्रिटिश बोलीत एकट्या ‘बेंट’ला वेगळेच रंग आहेत. ‘बेंट कॉपर’ म्हणजे लाचखाऊ पोलीस, आणि समलिंगी व्यक्तीसाठी शिवी म्हणूनही तो शब्द वापरला गेला आहे. पूर्ण वाक्प्रचार ब्रिटिश माणसाला समजतो, पण तो तोडून वापरणं धोक्याचं. केंब्रिजकडे इंग्रजी-मराठी कोशही आहे. सुट्या शब्दांसाठी तो ठीक, वाक्प्रचारांसाठी मात्र तिथे फार आशा ठेवू नये. इंग्रजी-इंग्रजी पानावर अर्थ आणि सूर समजून घ्यावा आणि मराठी प्रतिशब्द आपला आपण शोधावा, हेच बरं.

लाँगमनची ख्याती त्याच्या मर्यादित शब्दसंपदेसाठी. १९७८ च्या पहिल्या आवृत्तीपासून सगळ्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहायच्या, असा त्याचा दंडक आहे. नवशिक्याला याचा खूप आधार वाटतो. पण रागाच्या बाबतीत हीच मर्यादा आडवी येते, कारण धुसफूस, फणकारा, थयथयाट आणि संताप यांतलं अंतर २,००० शब्दांत दाखवता दाखवता नाकी नऊ येतात. ही कसर लाँगमन दुसरीकडे भरून काढतो. ‘अँग्री’च्या नोंदीतली समानार्थी शब्दांची चौकट अवश्य वाचावी. ‘मॅड’ हा अमेरिकन बोलीत रागावलेला, तर ब्रिटिश वापरात आधी वेडा. ‘क्रॉस’ हा ब्रिटिश, घरगुती, मुलांशी बोलताना शोभणारा. असे भेद तिथे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. वाक्प्रचार मात्र वेगळ्या चौकटीत नसतात, शब्दाच्या क्रमांक दिलेल्या अर्थांमध्येच ठळक अक्षरांत मिसळलेले असतात. ‘हॉट’सारख्या लांब नोंदीत ते डोळ्यांतून निसटतात. पानावरच शोधायची ब्राउझरची सोय वापरून थेट ‘कॉलर’ शोधावं. तळाशी खऱ्या मजकुरातून उचललेली उदाहरणं असतात. ती माणसानं रचलेली नसतात, त्यामुळे ती सरसकट नमुना म्हणून गिरवू नयेत.

अमेरिकन वापरासाठी मेरियम-वेब्स्टर. कंपनीची परंपरा १८३१ पर्यंत मागे जाते आणि नोआ वेब्स्टरचा मोठा कोश १८२८ चा. सुट्या शब्दांच्या पानावर ‘पहिला ज्ञात वापर’ म्हणून साल दिलेलं असतं. वाक्प्रचाराच्या पानावर ते सहसा नसतं, तेव्हा ‘बेंट’चं साल पाहून ते अख्ख्या वाक्प्रचाराचं समजण्याची चूक होते. व्याख्या नेटक्या, उदाहरणं एखाद-दुसरं. ब्रिटिश वाक्प्रचारांसाठी इथे येण्यात अर्थ नाही. ‘थ्रो अ वॉबली’ किंवा ‘थ्रो युअर टॉइज आउट ऑफ द प्रॅम’ (दोन्ही पोरकट थयथयाटासाठी) यांचा ठसका ब्रिटिश कोशांतच कळतो.

फार्लेक्सचा ‘द फ्री डिक्शनरी’ हा वाक्प्रचारांचा बाजार आहे. एकाच पानावर फार्लेक्सचा स्वतःचा कोश, मॅकग्रॉ-हिल, अमेरिकन हेरिटेज, कोबिल्ड अशा अनेक वाक्प्रचारकोशांच्या नोंदी ओळीनं लावलेल्या असतात. एखाद्या वाक्प्रचाराची किती रूपं चालतात हे बघायला याच्याइतकी सोय दुसरीकडे नाही. ‘निकर्स इन अ ट्विस्ट’चं ‘निकर्स इन अ नॉट’ हे रूप, अमेरिकन ‘पँटीज इन अ बंच’ आणि ‘इन अ वॉड’ ही सगळी भावंडं एकमेकांच्या आसपास सापडतात. (यांतलं एकही कामाच्या ठिकाणी वापरू नये. समोरच्याचा राग पोरकट ठरवायचा आणि वर अंतर्वस्त्रांचा उल्लेख करायचा, असा दुहेरी अपमान त्यात आहे, आणि बाईला उद्देशून तर तो आणखी लागतो.) गैरसोय अशी, की नोंदींमध्ये बरीच पुनरुक्ती असते आणि त्यांच्यात मतभेद असले तर निवाडा कुणीच करत नाही. प्रत्येक नोंदीखालचं कोशाचं नाव आणि साल पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

अर्बन डिक्शनरीवर थोडक्यातच बोलावं. १९९९ पासून चालू आहे, नोंदी कुणीही लिहितं आणि मतांवर त्या वरखाली होतात. एखादा प्रयोग कालपरवाच्या पिढीत जिवंत आहे का, एवढंच तिथे तपासावं. व्याख्या उद्धृत करण्यालायक नसतात, आणि ‘गेट बेंट’सारख्या शेजाऱ्यांची गाठ पडते. ‘गेट बेंट’ हे राग आवरायला सांगण्यासाठी नव्हे, हाकलून लावण्यासाठी वापरतात आणि तो बऱ्यापैकी शिवराळ आहे.

व्युत्पत्तीची हौस असेल तर जोनाथन ग्रीन यांचा अपभाषेचा कोश पाहावा. २०१० मध्ये तीन खंडांत छापला गेला, २०१६ मध्ये ऑनलाइन आला आणि आता मोफत आहे. प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणं असतात, त्यामुळे शब्दाचा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो. अमेरिकन अपभाषेत ‘बेंट’ हा नशेत झिंगलेल्यासाठीही वापरला जात होता, हे तिथे नजरेस पडतं. जुनी अमेरिकन कादंबरी वाचताना ‘बेंट’ माणूस रागावलेला आहे की प्यायलेला, हा प्रश्न खरोखर पडू शकतो. ‘पिस्ड’चं तर आजही तसंच आहे. अमेरिकेत चिडलेला, ब्रिटनमध्ये दारू प्यायलेला, आणि ब्रिटिशाला चिडलेला म्हणायचं असेल तर पुढे ‘ऑफ’ जोडावं लागतं. ज्या कोशाच्या नोंदीत हे दोन्ही अर्थ देशांच्या खुणांसह नाहीत, तो कोश बाजूला ठेवावा. कोशाची पटकन परीक्षा घ्यायला हा एकच शब्द पुरेसा आहे.

व्युत्पत्तीच्या रंजक कथांपासून मात्र सावध. ‘गेट समबडीज गोट’बद्दल एक कथा सर्वत्र फिरते: शर्यतीच्या घोड्याला शांत ठेवायला तबेल्यात बोकड बांधत, आणि प्रतिस्पर्धी तो चोरून घोडा बिथरवत. वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतला आहे, एवढं भक्कम आहे. कथेला मात्र तसा पुरावा नाही. ‘सी रेड’च्या बाबतीत बैल आणि लाल कापड पुढे केलं जातं, पण बैलाला लाल रंग माणसासारखा वेगळा दिसतच नाही. तो कापडाच्या हालचालीवर धावून जातो. उलट ‘फ्लाय ऑफ द हँडल’मागचं चित्र सरळ आहे. कुऱ्हाडीचं पातं दांड्यात सैल झालं की घाव घालताना निसटून भलतीकडे उडतं, आणि म्हणून हा वाक्प्रचार क्षणात आणि अनपेक्षितपणे भडकणाऱ्यालाच लागतो. आठवडाभर मनात खदखदणाऱ्याला तो लावू नये. ‘ब्लो अ गॅस्केट’मध्ये इंजिनाच्या दोन भागांमधलं पॅकिंग दाबानं फाटतं, म्हणजे इथे आधीचा साठलेला दाब अभिप्रेत आहे. ‘गो बॅलिस्टिक’ची गंमत अशी, की क्षेपणास्त्राच्या उड्डाणातला बॅलिस्टिक टप्पा हा इंजिन बंद पडल्यानंतरचा असतो. भाषेनं त्यातला फक्त स्फोट उचलला. चांगला कोश असं चित्र एका ओळीत देतो, आणि त्या ओळीवरून वाक्प्रचार कुठे वापरायचा हे व्याख्येपेक्षा जास्त कळतं.

‘गो पोस्टल’ हा तर कोशाच्या जबाबदारीचाच प्रश्न आहे. १९८६ मध्ये ओक्लाहोमातल्या एडमंड इथे एका टपाल कर्मचाऱ्यानं आपल्या १४ सहकाऱ्यांना गोळ्या घालून मारलं. अशा घटनांवरून हा वाक्प्रचार रूढ झाला. नुसतं ‘खूप चिडणे’ असा अर्थ वाचून तो विनोदानं वापरणाऱ्याला आपण कशाची आठवण करून देतो आहोत याचा पत्ता नसतो. हिंसेचा उल्लेख नसलेली नोंद अपुरी मानावी.

आता कोशांपलीकडचं साधन. कोश सांगतो ते आजही तसंच आहे का, हे तपासायला भाषासंग्रह, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचे शोधता येणारे साठे, लागतात. सोपा मार्ग गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर, २०१० पासून उपलब्ध. छापील पुस्तकांत एखादा शब्दसमूह कोणत्या साली किती वेळा आला याचा आलेख तो काढतो, आणि अमेरिकन व ब्रिटिश पुस्तकं वेगळी निवडता येतात. त्याच्या काही अटी मात्र माहीत हव्यात. शब्दसमूह जास्तीत जास्त पाच शब्दांचा लागतो. ‘गेट हिज निकर्स इन अ ट्विस्ट’ सहा शब्दांचा, म्हणून काहीच मिळत नाही. ‘निकर्स इन अ ट्विस्ट’ टाकलं की आलेख येतो. ४० पेक्षा कमी पुस्तकांत आलेला शब्दसमूह दाखवलाच जात नाही, तेव्हा कोरा आलेख म्हणजे शून्य वापर असं नव्हे. कॅपिटल आणि लहान अक्षरं मुळात वेगळी मोजली जातात, तो भेद काढून टाकायचा पर्याय निवडावा. आणि आलेख आपोआप गुळगुळीत केलेला असतो, ते प्रमाण शून्यावर आणल्याशिवाय एखाद्या वर्षाबद्दल काही बोलू नये.

‘बेंट आउट ऑफ शेप’ नुसतं टाकलं तर वाकलेली सायकलची चाकं आणि चमचेही मोजले जातात. पुढे ‘गेट’ जोडलं की बरोबर पाच शब्द होतात आणि बरीचशी वाकलेली धातूकामं गळून पडतात. ‘गेट’ला अंडरस्कोर आणि ‘आयएनएफ’ ही अक्षरं चिकटवली तर ‘गॉट’, ‘गेटिंग’ ही रूपंही आपोआप येतात. पुस्तकांचा संग्रह असल्यामुळे बोली प्रयोग त्यात उशिरा उमटतात, हे लक्षात घेऊन सालं वाचावीत.

याहून बारकाईनं बघायचं तर कोका, म्हणजे मार्क डेव्हिस यांनी उभारलेला आजच्या अमेरिकन इंग्रजीचा संग्रह. १९९० ते २०१९ या काळातले एक अब्जाहून जास्त शब्द, बोलणं, कथासाहित्य, मासिकं, वर्तमानपत्रं, संशोधन, टीव्ही-चित्रपट, ब्लॉग अशा विभागांत वाटलेले. नाव नोंदवलं की मोफत वापरता येतो, फक्त दिवसाच्या शोधांवर मर्यादा असते. इथे वाक्प्रचार टाकून आधी विभागवार तक्ता बघावा. संशोधनाच्या रकान्यात जवळपास काहीच नाही आणि टीव्हीच्या रकान्यात भरपूर, असं दिसलं की औपचारिक लेखनातून तो वाक्प्रचार काढून टाकायचा, कोशावर अनौपचारिकची खूण असो वा नसो. मग वाक्यांची यादी उघडावी आणि वाक्प्रचाराच्या उजवीकडचा पहिला शब्द वाचत खाली जावं. ‘बेंट आउट ऑफ शेप’नंतर ‘अबाउट’ आणि ‘ओव्हर’ येतात, म्हणजे राग एखाद्या बाबीवरून आहे. माणसावरचा राग सांगायचा तर ‘अँग्री विथ’ किंवा ‘अँग्री ॲट’ हेच साधे शब्द नेमके. ‘अप इन आर्म्स’ (संतापून विरोधाला उभं ठाकलेले) याच्या डावीकडे पाहावं. तिथे रहिवासी, पालक, कामगार, विरोधक असे गट जास्त भेटतात. एकट्या चिडलेल्या माणसाला तो लावला की वाक्य विचित्र वाटतं. ‘नोज आउट ऑफ जॉइंट’च्या आसपास बढती, नवा माणूस, न मिळालेलं आमंत्रण अशा गोष्टी दिसतात. तो मानभंगाचा रुसवा आहे, आरडाओरड्याचा राग नव्हे. हे सगळं एकाही व्याख्येत इतकं स्वच्छ नसतं, आणि दहा मिनिटांत डोळ्यांनी दिसतं.

ब्रिटिश बाजू तपासायला ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे, पण ते १० कोटी शब्दांचं आणि मजकूर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा, म्हणून नव्या प्रयोगांसाठी निरुपयोगी. कोकाच्याच संकेतस्थळावरचं ग्लोबी अधिक कामाचं: २० देशांतल्या इंग्रजी संकेतस्थळांवरचे सुमारे १.९ अब्ज शब्द, देशवार रकान्यांत. ‘स्पिट द डमी’ (चिडून पोरकटपणे आदळआपट करणे) ऑस्ट्रेलियात किती आणि इतरत्र किती, हे एका नजरेत कळतं. आकडे बघताना एकूण संख्या न पाहता दर दहा लाख शब्दांमागचं प्रमाण बघावं, कारण प्रत्येक देशाचा साठा सारखा नाही.

यंत्रभाषांतर आणि चॅटबॉट यांचा उपयोग मर्यादित. भाषांतराच्या खिडकीत सुटा वाक्प्रचार टाकला तर ‘आकाराबाहेर वाकलेला’ असलं काहीतरी हाती येण्याची शक्यता राहते, म्हणून नेहमी मागचं-पुढचं धरून अख्खं वाक्य द्यावं. चॅटबॉटकडून पर्यायी वाक्यरचना मागायला हरकत नाही. व्युत्पत्ती आणि सालं मात्र मागू नयेत. बोकडाची कथा तो तुम्हाला तबेल्याच्या नावासकट ऐकवेल.

कुठल्याही साधनात शोधताना एक पथ्य सारखंच: बदलणारे शब्द आधी काढून टाकावेत. चित्रपटात ‘शी गॉट ऑल बेंट आउट ऑफ शेप’ ऐकलं तर ‘शी’, ‘गॉट’ आणि जोर देणारा ‘ऑल’ गाळून फक्त चार शब्द टाकावेत. सर्वनाम असलेल्या वाक्प्रचारात त्यातलं सर्वांत दुर्मीळ नाम शोधावं. ‘गोट’, ‘निकर्स’, ‘गॅस्केट’ यांच्या नोंदी लहान असतात, वाक्प्रचार लगेच सापडतो.

ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश, ओईडी, पैसे भरून किंवा विद्यापीठ आणि ग्रंथालयाच्या सभासदत्वातून मिळतो. १८८४ पासून भागाभागानं निघून १९२८ मध्ये पहिल्यांदा पूर्ण झालेला, दुसरी आवृत्ती १९८९ ची २० खंडांत, आणि आता ऑनलाइन सतत सुधारली जाणारी. ‘नोज आउट ऑफ जॉइंट’ सोळाव्या शतकापासून कसा वळत आला, हे पाहायचं असेल तर त्याला पर्याय नाही. ईमेलमध्ये कुठला शब्द चालेल एवढंच ठरवायचं असेल, तर त्यासाठी वर्गणी भरायची गरज नाही.